दहाचे बारा

टाचा भिंतीला. कंबर भिंतीला. हनुवटी सरळ.
आता डोकं मागे टेकवा.
टेकवलंय की, मी म्हणालो.
नाही टेकलं हो, अवसरे.
तिची तीन बोटं माझ्या डोक्यामागून आरपार गेली
केसाला धक्का न लावता.

परळ, दुसरा मजला, संधिवाताची ओपीडी,
माझा नंबर सत्त्याहत्तर.
डॉक्टर खोत माझ्या धाकट्या बहिणीएवढी,
एप्रनच्या खिशाला गळक्या पेनाचा निळा डाग.
लिंबू आणि मीठ लावा, सांगणार होतो,
पण अंगात शर्ट नसताना माणूस सल्ले देत नाही.

चिराबाजारच्या आमच्या दुकानात
मशीनमागच्या भिंतीवर बाबांचा तेलकट डाग आहे,
पाठीचा, तोही पोक आलेल्या भागाचाच.
डोक्याचा नाही.
रोज खोबरेल चोपडणारा माणूस,
आणि डोक्याचा डाग नाही.
सगळे म्हणायचे, शिंप्याची पाठ, वाकणारच.
शेजारच्या मशीनवर बळीकाका सत्तरीतही ताठ बसायचे,
हे कुणी मोजलं नाही.

सकाळी अंग किती वेळ आखडतं?
नळाला पाणी येतं तेव्हापासून
जातं तोपर्यंत.
मग?
मग कामाला बसलो की सुटत जातं.
हे ती पटकन लिहून घेते, जणू मी काही कबूल केलंय.

नंतर टेप काढते.
पिवळी, पुसट आकड्यांची, टोकाची पत्र्याची पट्टी उडालेली.
कमरेच्या दोन खळग्यांच्या रेषेत पेनाची खूण,
तिथून वर दहा सेंटिमीटर, दुसरी खूण. गार.
वाका. गुडघे नको. अजून.
बोटं नडगीपाशी अडली.
फरशीवर कुणाचा तरी रुपया पडला होता,
तो तिथंच राहिला.

बारा.
किती व्हायला हवं?
पंधरा तरी.

डॉक्टर, टेप लांबलीय तुमची.
जुन्या टेपा ओढून ओढून सूत दोन सूत खातात.
पँटच्या खिशातली माझी काढून दिली,
मार्चमध्ये घेतलेली, कडक.
रागावली नाही ती. स्पिरिटच्या बोळ्यानं खुणा पुसल्या,
नव्या काढल्या.
मी वाकलो, दात आवळून,
रुपया बोटभर जवळ आला असेल.

बारा.
माझी टेप खोटं बोलत नाही,
हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

मग छाती. श्वास पूर्ण सोडा. आता भरा, भरा.
बायकांना मी उलट सांगतो, श्वास धरू नका ताई,
ब्लाउज नंतर काचतो.
दोन सेंटिमीटर फुललो, बस.
कापताना आत माया ठेवतो आम्ही,
कुणी जाड होतं, कुणाला दिवस जातात, उसवून वाढवता येतं.
मला ज्यानं शिवलं त्यानं कापड वाचवलं.

टेबलावर उताणा. डावा घोटा उजव्या गुडघ्यावर,
पायाचा इंग्रजी चार.
मराठी चार असता तर गाठच बसली असती, मी म्हणालो,
ती हसली, आणि हसता हसताच
गुडघा खाली दाबला.
खुब्याच्या मागे, पार आत,
कुणीतरी बोथट सुई टोचून तिथंच मोडली.
इथं? तिनं विचारलं.
तिथंच.
बाबाही रात्री उठून तिथंच मूठ दाबत बसायचे,
आई म्हणायची, गॅस असेल.

घरात आणखी कुणाला असं?

भिंत आठवली.
आहे, म्हणालो. म्हणजे, होतं.

रक्त, एक्स-रे, व्यायामाचा कागद.
पोटावर झोपत चला, रोज दहा मिनिटं.
दर तीन महिन्यांनी मोजू या.
शर्ट घातला. खुणा पाठीवर तशाच,
घामानं बनियनला लागणार, निघणार नाहीत.

ठीक आहे, म्हटलं.
टेप मी घेऊन येईन.