दाराचं माप

शटडाऊनच्या भंगारात सहा कॉन्टॅक्टर निघाले,
कॉइल शाबूत, फक्त तोंडं जळलेली.
स्टोअरचा हबीब बलुशी म्हणाला,
ने, कागद नको.
तिथून सुरुवात.

म्हणजे खरी सुरुवात आधीची.
मिरजेत शाळेमागे एक माणूस
फळीला खिळे ठोकून बसायचा,
पाच पैशांना तीन छर्रे.
छर्रा खिळ्याखिळ्याला विचारत खाली यायचा
आणि शून्याच्या खणात जाऊन बसायचा.
मला अजूनही वाटतं, फळी तिरकी होती.

फलज अल कबाइलमध्ये शुक्रवार लांब असतो.
पोर्टचा भोंगा नाही, बस नाही,
खिडकीतला एसी तेवढा खोकत असतो.
त्रेचाळीस इंची टीव्ही मिळाला वीस रियालला,
कडेला एक हिरवी रेघ, म्हणून.
त्याला पाठीवर झोपवला,
भोवती अठरा एमएमचा प्लायवुड,
डोक्याशी दुसरा लहान पडदा, आकड्यांसाठी.
पाय गुल जमानने वेल्ड करून दिले:
चार पाय, चार उंचीचे.
एकाखाली खबुसच्या खोक्याचा पुठ्ठा.

साजीव खाटेवरून विचारायचा,
गोळी कुठाय?
पडद्यात.
मग वर काच कशाला?
धूळ बसायला.
आणि हा उतार?
साडेसहा अंश. पडद्यातल्या गोळीला
उतार लागत नाही, हे मलाही माहीत होतं.
पण मनगटाला लागतो.

हेमलता फोनवर म्हणाली, वेळ मिळतो तुला.
प्रश्न नव्हता तो.
खर्च चाळीस सांगितला.
एकशे बारा झाला होता.

एका रात्री बटण दाबलं
आणि प्लायवुडच्या पोटात कॉन्टॅक्टर बसला:
ठक.
गोळी खोटी, दणका खरा.
दणका कोपरापर्यंत आला.
अकरा वर्षं मी पॅनेलमध्ये हाच आवाज ऐकतोय,
मोटर सुरू झाली, मोटर बंद झाली,
पण तो कधी माझ्यासाठी वाजला नव्हता.

पेटीला ढोसलं तर खेळ गोठतो, टिल्ट.
किती ढोसलेलं चालेल, तो आकडा मीच भरायचा होता.
शंभरपैकी काहीही.
फार वेळ बसलो त्या आकड्यापाशी.
मग मोठा भरला.

खालच्या मजल्यावरचा रमझी, मिस्रचा, औषधांच्या दुकानातला,
एक वाजता सपाता आपटत वर आला, भांडायला.
भांडण अरबीत सुरू झालं, निम्म्यात थांबलं.
फज्रची अजान होईपर्यंत तो खेळला,
गोळीला आईबहिणीवरून बोलला,
आणि पहिल्या नंबरावर स्वतःची तीन अक्षरं घालून
झोपायला गेला.
पुढे आठ महिने ती तिथून हलली नाहीत.

मार्चमध्ये कंपनीने करार गुंडाळला.
पंधरा दिवस, तिकीट, तीस किलो.
पेटी हमरियातल्या एका गुजराथ्याला विकली होती.
चौघांनी उचलली
आणि दारात उभे राहिलो.

काचेचं माप घेतलं होतं मी,
टीव्हीचं, पायांचं, रमझीच्या उंचीचंसुद्धा.
दाराचं नाही.
डोक्याकडची पेटी बिजागरीवर घ्यायची असते,
मी आळसाने फेविकॉल लावला होता,
भरपूर.

गुल जमानने ग्राइंडर आणला, म्हणाला,
दोन मिनिटांचं काम.
कुणीच हो म्हणालं नाही.
रमझी काचेवरची धूळ बाहीने पुसत राहिला.

पेटी आहे तिथेच आहे.
मालकाने नव्या भाडेकरूला पाच रियाल वाढवून सांगितले,
खोली फर्निचरसकट.

मस्कतला स्कॅनरवर बॅग अडली.
मोज्यांत गुंडाळलेला एक कॉन्टॅक्टर.
काय आहे हे? पोरगेला शिपाई, मिशी नुकती फुटलेली.
काय सांगणार? अंगठ्याने दाबून दाखवला.
ठक.
त्याने माझ्या हातातून घेतला,
मागच्या रांगेकडे बघितलं,
आणि स्वतः दाबला,
एकदा,
मग पुन्हा दोनदा.