ताडपत्री

जहाज कुठे बांधलं, नायनाला ठाऊक नव्हतं.
कुठल्याशा थंड नदीकाठी, म्हणे,
लालबुंद रिबिटा चिमट्यात झेलत पोरं
पत्र्याला पत्रा जोडायची, रात्रपाळीत.
त्यालाही ताणा-बाणा असणारच, तो म्हणायचा,
त्याशिवाय काय उभं राहतं?

सोलापुरात समुद्र नाही.
सिद्धेश्वराचं तळं आहे, वैशाखात तेही तळ दाखवतं.
पण बेचाळीस साली गिरणीनं धोतरं थांबवली
आणि चार नंबरच्या खात्यात कॅनव्हास लागला,
जाड, हट्टी, मागाची हाडं खिळखिळी करणारा.
जहाजाच्या पोटावर घालायचा, साहेब म्हणाला.

एका थानात नायनाचे सात धागे तुटले,
बोटभर जागा विरळ राहिली.
जॉबर बसलिंगप्पानं खडूनं गोल काढला.
दोन आणे दंड.
थान मात्र गेलं. लढाईला घाई होती.

शेहेचाळीसच्या मार्गशीर्षात
साखर पेठेत एक खलाशी विचारत विचारत आला,
दाभोळचा हसन परकार, डावा कान जळालेला.
पिशवीत कापडाचा तुकडा,
त्यावर गिरणीचा शिक्का, माग दोनशे अठरा.

बशीत चहा ओतत सांगत राहिला:
कराचीहून बसऱ्याला गहू, येताना खजूर,
एकदा नुसती खेचरं, रात्रभर ओरडणारी,
एकदा दारूगोळा, तेव्हा विडीसुद्धा बंद.
एडनच्या पुढे बुडालं. अकरा मिनिटांत.
नावेत तीन दिवस आम्ही पाचजण
हिच्याखाली होतो.

नायनानं एवढंच विचारलं,
"पाणी त्या विरळ जागेतून शिरलं?"
हसन हसला. मग हसायचा थांबला.
"चाचा, टॉर्पेडो होता. बैलगाडी जाईल एवढं भोक."
"ते झालं. पण आधी? गळायचं का?"
"गळायचं थोडं. खाली डबा ठेवायचो."

तो गेल्यावर आम्ही तळ्यावर गेलो.
दोन कोपरे मी धरले, दोन नायनानं,
मध्ये चार तांबे पाणी.
खडू केव्हाच धुतला गेलेला, जागा तीच.
बराच वेळ काही नाही.
मग एक थेंब फुगला, लोंबला, पडला.
ओकटि, नायना म्हणाला.
रेंडु.
लांब गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली,
माझे हात भरून आले,
तो मोजत होता.

शेवटी त्यानं पाणी तळ्यात ओतलं,
तुकडा पिळला, खांद्यावर टाकला.
घराजवळ आल्यावर म्हणाला,
दंड बरोबर होता.