उजवीकडून

जेवणं झाल्यावर लाइट बिलाच्या पाठीवर
मी एक संख्या लिहिली. धायरीच्या खोलीत, पंख्याखाली.
अब्बांनी चष्मा कपाळावर ढकलला,
पगार वाचावा तशी सावकाश वाचली :
सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
"कुणाचे एवढे?"

कुणाचेच नाहीत. एक आणि ती स्वतः सोडून
कुणालाही हिचे सारखे वाटे करता येत नाहीत.
"असल्या लई असतील."
असतात. पण काडेपेटी घ्या, शेवटचा तीन झाका.

७३९३९१३
हीसुद्धा मूळ संख्या.
अजून सरकवा.
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७
काडेपेटी बिलाच्या डाव्या कडेला पोचली.
एकूण आठ वेळा विचारलं, आठही वेळा
वाटणीला नकार.

अब्बांचा उजवा हात टेबलावर पालथा.
करंगळी आणि तिच्या शेजारची
वॉशर कापायच्या प्रेसमध्ये राहिली, मी सहावीत असताना.
बिबवेवाडीच्या ई.एस.आय.मध्ये
दस्तगीर हुसेन तांबोळी यांच्या हाताचे टक्के निघाले,
त्यावर शिक्का बसला.
ते टक्के मला अजून पाठ आहेत, दशांश चिन्हासकट.
मोजायची रीत मात्र त्यांनी सोडली नाही :
अंगठा पेरापेरावरून. आधी बाराला एक हात भरायचा,
आता सहाला भरतो.
किराण्याचा हिशेब तरी कधी चुकला नाही.

"पुढं एक अंक वाढवला तर?"
वाढवा. सम लावला, दोननं गेली.
पाच लावला, पाचनं.
एक किंवा सात लावला तर तीननं.
तीन आणि नऊ जरा दमवतात, मी रात्र घालवली त्यांच्यावर,
पण शेवटी तीही फुटतात.
या जातीत हीच सगळ्यात मोठी. हिला पुढे रस्ता नाही,
नुसतं मागे येता येतं.

सिंहगड रोडनं खडकवासल्याची शेवटची बस गेली.
मागच्या साली डेक्कनला एकजण रबरी बोटं दाखवत होता,
नखांसकट, कातडीला रंग जुळवून.
अब्बांनी ती हातात घेतली, वजन बघितलं, परत दिली.
मला हे आत्ता का आठवावं.

"अन् डावीकडनं कापत आलं तर?"
हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नव्हता.
सात झाकला :
३९३९१३३
पेन्सिल त्यांनीच घेतली, तीन बोटांत,
अकरानं भागायला बसले.
तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन. बाकी शून्य.
"पहिल्याच घावाला गेली."
गेली.

ते बराच वेळ अंगठा हलवून बघत होते,
आत, बाहेर, आत.
मग बिल उलटं केलं.
"नसीम, हे भरलंस का?
उद्या शेवटची तारीख आहे."