अडतिसावा भाग

सातगोंडा तराजू सरळ धरत नाही,
रद्दीच्या गठ्ठ्यावर गुडघा टेकवून म्हणतो,
"तुम्हांस्नी काय ओ, फाटकंच लागतंय."
खरं आहे. मला फाटकंच लागतं.
लक्ष्मीपुरीत धान्याच्या पोत्यांमागे त्याचं दुकान.
दर रविवारी मी तिथे उकिडवा बसतो,
तेवीस वर्षं झाली,
ज्वारीच्या धुळीने शिंकत.

नावाजलेलं काही शोधत नाही मी.
ते जपायला माणसं आहेत, काचेची कपाटं आहेत.
मी शोधतो आप्पालाल पटवेगार.
थेटरांचे बोर्ड रंगवायचे,
फटाक्यांच्या खोक्यांवर वाघ काढायचे,
आणि दर शुक्रवारी, चार आण्यांच्या साप्ताहिकात
एक पान चित्रकथा: बिनसावल्या.

पंचगंगेकाठचा चोर.
भर उन्हात चालला तरी सावली पडायची नाही,
म्हणून शिपायांना सापडायचा नाही.
केवढी कल्पना, वाटायचं मला!
पुढे छापखान्यातला एक म्हातारा कंपॉझिटर भेटला, म्हणाला,
कल्पना कसली?
शाई महाग झालेली. मालक म्हणाले,
आप्पा, काळं जरा कमी भरा.

सदतिसाव्या भागात तो विहिरीत लोंबकळत होता.
दोर तीन पेडांचा, दोन तुटलेले.
खाली: पुढील अंकी.
पुढील अंक निघालाच नाही.

मी नऊ वर्षांचा होतो.
मग उद्यमनगरात लागलो, लाकडाचे पॅटर्न करायला,
लग्न झालं, दोन मुली, गुडघे गेले,
आणि तो लोंबकळतोच आहे.

सापडलं पुष्कळ.
विडीच्या वेष्टनावरचा घोडा, त्यामागे खोडलेली पाच डोकी.
दिवाळी अंकातलं अर्धं पान,
उरलेल्या अर्ध्यावर दंतमंजन.
शाळेच्या वहीत एका कथेतल्या सगळ्या माणसांची नावं,
कथा नाही.
बायको म्हणते,
पुरं झालेलं एक तरी आणा की घरात.

गेल्या उन्हाळ्यात शनिवार पेठेत
जुलेखाबींनी ट्रंक उघडली.
वर लग्नपत्रिकांची प्रुफं, औषधांच्या चिठ्ठ्या,
तळाशी जाड कागद, घडी पडलेला.
सहा चौकटी.
तीन शाईत: विहीर, दोर, त्याचे दात.
चौथी पेन्सिलीत, तिसरा पेड उसवतोय.
पाचवीत विहिरीचा काठ,
आणि काठावर एक सावली,
लांब, तिरपी, घोटून घोटून भरलेली,
कागद चकाकावा इतकी.
माणूस काढायचा राहिलेला.

कुणाची ही?
त्याची? शिपायाची?
मी चष्मा काढला, पुसला, घातला.

सहावी कोरी. तिच्यात फक्त एक तांबूस गोल.
मी म्हटलं, चंद्र असेल. विहिरीचं तोंड असेल, आतून दिसणारं.
जुलेखाबी हसल्या.
"चित्र न्हवं ते. अब्बांचा कप.
चा ठेवून उठले, बोर्डाचं काम आलं म्हणून.
त्याचे पैसे लगेच मिळायचे."

परवा एक मुलगा आला, चित्रं शिकलेला.
"काका, मी पुरं करून देतो. कळायचं नाही हात कुणाचा ते."
हात चांगला होता त्याचा, खरंच चांगला.
चहा दिला त्याला.
पान दिलं नाही.
ओतीव अर्धवट राहिलं तर आम्ही वितळवायचो परत,
तीस वर्षं तेच केलं,
पण ह्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

रविवारी पुन्हा लक्ष्मीपुरी.
सातगोंडा म्हणाला, "घावलं न्हवं? आता कशाला येताय?"
मी काही बोललो नाही. गठ्ठे उसवत राहिलो.
बारा वाजता उठायला गेलो तर उठता येईना.
हात वर केला.
त्याने तराजू खाली ठेवला,
मनगट धरलं,
आणि ओढलं.