तीनशे शब्दांत

दर पाच वर्षांनी मला सिद्ध करावं लागतं
की मी अजून डॉक्टर आहे.

तपासनीस यायचा होता गुरुवारच्या बोटीने.
वारा सुटला, बोट निघालीच नाही.
शनिवारी आला, हिरवट तोंडाने,
आणि माझी पात्रता बघण्याआधी
माझ्याकडूनच उलटीची गोळी घेऊन
बाकावर आडवा झाला अर्धा तास.
हे कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.

फाईल जाडजूड.
वर्षाला पन्नास तास शिक्षण, असे अडीचशे.
थोडे इन्व्हरनेसच्या हॉटेलात, गार सँडविचसोबत,
बाकी इथेच, या टेबलाशी.
वाऱ्याने नेट जायचं,
पडद्यावरचा प्राध्यापक तोंड उघडं ठेवून गोठायचा,
'आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे...'
पुढचं मला आजतागायत कळलेलं नाही.
प्रमाणपत्र मात्र आलं.

मी सचोटीने वागते: हो.
माझी प्रकृती कामाच्या आड येत नाही: हो.
(गुडघ्याचं त्यांनी विचारलं नाही.)

एखादी घटना लिहा, जी वेगळी घडू शकली असती.
तीनशे शब्दांत.
त्यातून काय शिकलात?

टॉर्मड. बासष्ट. शेवंडांचे सापळे ओढणारा.
पाठ दुखते म्हणाला.
चाळीस वर्षं सापळे ओढल्यावर
पाठ दुखणार नाही तर काय, असं मी म्हणाले,
चांगलं मोठ्याने, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं.
तोही हसला. गोळ्या खिशात घातल्या.
दारात वळला:
'नेहमीची नाही ही पाठ.'
मी तोवर पुढचं नाव पुकारलं होतं.

रात्री दोनला हेलिकॉप्टर मागवलं.
ते माळावर उतरलं तेव्हा
पोटातली ती मोठी रक्तवाहिनी
आपलं काम उरकून मोकळी झाली होती.

पहिल्या खेपेला अकराशे शब्द झाले.
हेलिकॉप्टरसाठी गाड्यांचे दिवे लावून
उभे राहिलेले शेजारी काढले.
त्याच्या बुटांतली वाळू काढली.
माझे हात काढले.
तरी वीस शब्द जास्तच.
दारातलं वाक्य काढलं असतं तर बसलं असतं नेमकं.
ते ठेवलं,
आणि काय शिकले, ते काढलं.

'शेवटचा भाग राहिलाय,' तपासनीस म्हणाला.
'राहिलाय,' म्हणाले मी.
त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
पुढचं पान उलटलं.

रुग्णांची मतं. चौतीस. नावं नाहीत,
सगळी एकाच टाईपात.
पण दोनशे माणसांच्या बेटावर
नाव झाकून आवाज थोडाच झाकतो?
'हात गार असतात' हा पोस्टमन.
'कुत्र्याला आवरा' ही शेजारीण, तिसऱ्यांदा.
आणि 'डॉक्टर तुमचं ऐकून घेतात का?'
यापुढे तेहतीस नुसत्या खुणा
आणि एकाच ठिकाणी दोन शब्द:
आता ऐकते.

'छान शेरा आहे,' तो म्हणाला.
मी चहा ओतला.
दोन शब्द. आणि मी तीनशेंत कुंथत होते.

संध्याकाळच्या बोटीने तो गेला.
खालच्या डेकवर, मधोमध बसा म्हणून सांगितलं.
परवाना मिळेल. ईमेल येईल,
आणखी पाच वर्षं.

सोमवारी मार्साली आली, टॉर्मडची बायको,
रक्तदाब बघायला. स्वेटरची बाही वर केली.
पट्टा फुगला, थांबला, सावकाश सुटला.
आकडा बरा होता. तो मी सांगितला.
तिने बाही खाली ओढली, कोट चढवला,
आणि दारात वळली.

मी पेन खाली ठेवलं.

बाहेर कुणीतरी खोकत होतं. खोकू दिलं.

'कोंबड्या परत घालायला लागल्यात,' ती म्हणाली.
'अंडी हवीत का?'