मुडपलेलं टोक

भाऊच्या धक्क्यावर, सात नंबरच्या खांबापाशी
नायलॉनचे पट्टे गळून पडलेत.
उन्हानं पिवळे, चिमटीत धरले
तर खारीसारखे मोडतात.
केबल लोंबतेय, भरतीच्या पाण्यापासून वीतभर वर.

मुकादमचाचा म्हणायचे, इथे तीनशे चार नको,
दोन पावसाळ्यांत तांबूस होईल.
तीनशे सोळाचं स्टील माग.
स्टोअरवाला महाग म्हणेल. म्हणू दे.
खाऱ्या वाऱ्याशी घासाघीस होत नाही.

पट्टा खांबाभोवती फिरवायचा,
टोक डोक्यात सरकवायचं, ओढायचं.
आत एक बारकी गोळी असते,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही.
"पण केबलचा गळा आवळू नकोस रे,
तिलाही दुपारी फुगायला जागा लागते."

माझ्या अंगठ्यावर पहिल्या आठवड्याची रेघ आहे.
उरलेलं टोक मी तसंच सोडलं होतं.
चाचांनी रक्त पाहिलं, बोलले काहीच नाहीत,
पक्कड घेतली,
टोक कापलं, आत मुडपलं,
वरून नख फिरवून पाहिलं.
मग म्हणाले, उद्या इथे कुणाचा तरी हात येणार.

आता ते मुरुडला असतात.
डोळे अधू झालेत, असं त्यांचा भाचा सांगतो,
तो मासळी घेऊन येतो अधूनमधून.

शिडी टेकवून मी वर चढतो,
पत्र्याखालच्या काळोखात, न बघता,
हात घालतो.
नऊ वर्षांपूर्वीचा पट्टा.
हलत नाही.
आणि कुठेच बोचत नाही.