पाटीमागे एक देठ

नंदुरबार सोडून धुळ्याच्या रस्त्याला लागलं की
एका वळणानंतर जमीन लाल दिसते.
माती नाही ती. मिरची आहे,
एकरभर पसरलेली, उन्हात तापलेली.
मी तिथं हिशोब लिहायची.
प्लास्टिकची खुर्ची, रेघी वही, नाकावर ओढणी.

रुमली पावरा तोरणमाळच्या अलीकडच्या कुठल्याशा पाड्यावरची.
तिची बोली मला येत नव्हती,
माझ्या मराठीला ती नुसती मान हलवायची,
आणि घरच्या अहिराणीतलं चार आणे तिला कळायचं,
आठ आणे ती ओळखायची,
उरलेलं आम्ही दोघी शिंकून भरून काढायचो.

पहिल्या दिवशी मला ठसका लागला.
तिनं कनवटीचा गुळाचा खडा काढून दिला
आणि स्वतः खोकून दाखवलं, खोटं खोटं.
म्हणजे, तू एकटीच नाहीस,
असं काहीतरी.

तिसऱ्या आठवड्यात ती बोलायची थांबली.
पाटी आणायची, रिकामी करायची,
माझ्याकडे पाठ करून पुन्हा देठं खुडायला बसायची.
वाटलं, बरं नसेल.
मग वाटलं, फारच ताठा आहे.
मग, खरं सांगते, वाटलं, ही माणसं अशीच.
हे मी कुणाजवळ बोलले नाही,
पण न बोललेलंही
भुकटीसारखं चेहऱ्यावर बसतं,
आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली,
“इचारी पाय ना व. देवनी तोंड कसाले दिन्हं?”

पाचव्या दिवशी खुर्ची सोडून
मी तिच्यासमोर खाली बसले.
वही दोघींच्या मध्ये.
तिनं गोणपाटाची कड उचलली.
खाली देठ लावलेले, ओळीनं,
एका पाटीला एक.
तिचे एकोणतीस.
माझ्या वहीत सत्तावीस.

मी म्हणाले, “चुकलं असेल.”
ती गप्प.
मी म्हणाले, “माझं चुकलं.”
दोन वाक्यांत फरक तो केवढा,
आणि मराठी न येणाऱ्या बाईनं तो
बरोबर ऐकला.

तेव्हापासून प्रत्येक पाटी मी मोठ्यानं मोजायची,
ती देठ ठेवायची,
मगच माझा पेन कागदाला लागायचा.
जिभाऊ मुनीम ओरडायचे, वेळ जातो.
जायचा.
आणि त्या जाणाऱ्या वेळात, एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत,
बाकीचं येऊन बसायचं:
तिचा मोठा आश्रमशाळेत, दर रविवारी पळून येतो.
तिची शेळी फक्त तिच्या सासऱ्याचं ऐकते.
माझं मोडलेलं लग्न,
जे मी सख्ख्या मावशीलाही धड सांगितलं नव्हतं,
ते तिला सांगितलं, निम्म्या शब्दांत.
शब्द निम्मेच असले
की खोटं बोलायला जागा उरत नाही.

पुन्हा भांडलो नाही असं नाही.
एकदा पाण्याच्या माठावरून,
एकदा तिच्या मुलाला मी “बिचारा” म्हणाले त्यावरून.
पण आता पाठ फिरवून बसायचं नाही, असं ठरलं होतं.
कुणी ठरवलं, आठवत नाही.

होळीच्या आधी पिकअप भरून सगळे वर गेले.
पथारी उठली, जमीन पुन्हा जमिनीसारखी झाली.
मी आता एका पतपेढीत आहे. पंख्याखाली.

महिन्यातून एकदा ती टेकडीवर चढते,
रेंज मिळेल तिथं उभी राहते
आणि हॅलो म्हणायच्या आधी खोकते.
मी इकडून खोकते.
काउंटरवरची माणसं बघतात.
मग आम्ही बोलतो, आधी शेळीपासून सुरू करून.

फोन ठेवताना ती एक शब्द म्हणते,
दरवेळी तोच, शेवटी थोडा लांबवलेला.
अर्थ मी विचारलेला नाही.
पुढच्या वेळी विचारीन म्हणते,
आणि तिकडची रेंज जाते.